‘ते रजेवर आहेत’ : आणीबाणीत गप्प राहिल्याची आजोबांची खंत

प्रश्न | कृष्णाकाठ

नमस्कार. माझे आजोबा 86 वर्षांचे आहेत आणि सध्या आमच्याकडे पुण्यात असतात. 1975 साली ते सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. आणीबाणी जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच, शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सहकाऱ्यांना पहाटे घरातून नेऊन मिसाखाली (अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली) स्थानबद्ध करण्यात आले आणि त्यांचे तास आजोबांकडे आले. नववीच्या वर्गात मूलभूत हक्कांचा पाठ शिकवायला ते उभे राहिले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारले, “आमचे सर कधी येणार?” आजोबांनी उत्तर दिले, “ते रजेवर आहेत.” असे सांगा, म्हणून त्यांना कोणी बजावले नव्हते; मुख्याध्यापकांची तशी सूचना नव्हती आणि दारात पोलीसही नव्हता. मग फळ्याकडे वळून ते पाठाचे नाव लिहू लागले आणि लिहिताना खडू दोनदा मोडला, हे त्यांना आजही आठवते.

ते सहकारी 1977 साली सुटून आले, त्याच खुर्चीवर बसले आणि दोघांनी निवृत्तीपर्यंत एकत्र नोकरी केली. पण या विषयावर दोघांत एक शब्दही झाला नाही. ते गृहस्थ आता हयात नाहीत.

हे सगळे आजोबांनी आम्हाला अलीकडेच सांगितले. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढचे मतदान थेट जानेवारी 2026 मध्ये झाले. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता आणि आमच्या सोसायटीत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ‘आपला नगरसेवक कोण?’ असे त्यांनी एकदा मला विचारले; कोणीच नाही, असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे तुम्हीही रजेवरच.” तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा त्या वर्गात जातात. ‘तुमच्या हातात काय होते?’ असे घरातले कोणी म्हणाले, की ते ताटावरून उठतात. अशा खंतीला काय उत्तर द्यावे?

उत्तर 1 | जुनी वही

माझे वडील चौदा महिने नाशिक रोडच्या तुरुंगात होते आणि तेव्हा मी दहा वर्षांची होते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. आम्हाला कोणी शिव्या दिल्या नाहीत की दगड मारले नाहीत. फक्त लोक आमच्याकडे येईनासे झाले. संक्रांतीला आईने हळदीकुंकू केले, तर बारा घरांपैकी दोन घरच्या बायका आल्या आणि त्यातल्या एक दारातूनच वाण घेऊन गेल्या. वाटून उरलेला तिळगूळ आम्ही पुढे कित्येक दिवस खात होतो, आणि आजही मला तो गोड लागत नाही. जी दुसरी बाई आत येऊन बसली, ती काही राजकीय कार्यकर्ती नव्हती. तिचा नवरा सरकारी नोकर होता आणि तिला आमच्यापेक्षा अधिक गमवायचे होते. ती अर्धा तास बसली, इतकेच. पण आईने मरेपर्यंत तिचे नाव काढले.

म्हणून ‘हातात काय होते’ हे वाक्य मलाही सहन होत नाही. आजोबांच्या हातात एक वाक्य होते आणि ते त्यांना ठाऊक आहे. ते खोडून काढले, तर त्यांच्या सहकाऱ्यांनी जे सोसले तेही आपण खोडतो. त्यांना दोष देऊ नका, पण त्यांचे म्हणणे खरे आहे, एवढे तरी मान्य करा.

उत्तर 2 | वाटसरू

माझे मत वेगळे आहे. तुटपुंज्या पगारावर घर चालवणाऱ्या, नसबंदीसाठी माणसे आणण्याच्या धाकाखाली राहिलेल्या शिक्षकाकडून आज पन्नास वर्षांनी हिशेब मागणे अन्यायाचे आहे. या वयात त्यांना शांतता मिळाली पाहिजे.

उत्तर 3 | काळा कोट

वाटसरू, हिशेब आपण मागत नाही, तो त्यांनी स्वतःच मांडला आहे. धाक खरा होता, हे मला मान्य आहे. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून एक लाखाहून अधिक माणसे अटकेत होती. एप्रिल 1976 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले, की आणीबाणीत अशा स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आले.

तरीही आपल्या राज्यात त्याच काळात काय घडले, हेही आजोबांना आठवत असेल. डिसेंबर 1975 मध्ये, त्यांच्याच जिल्ह्यात, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे दुर्गाबाईंना अटकही झाली. माजी खासदार मिनू मसानी यांनी आपल्या मासिकातील मजकूर अडवणाऱ्या सेन्सॉरला मुंबई उच्च न्यायालयात खेचले आणि 1976 मध्ये ते जिंकले. सगळे रस्ते बंद होते, हे म्हणणे आपल्याला दिलासा देते. पण बरेचसे रस्ते कोणी चालून पाहिलेच नव्हते.

महापालिकेचा मुद्दाही वेड्या म्हाताऱ्याचा हट्ट समजू नका. आणीबाणीशी त्याची बरोबरी होत नाही, हे आजोबांनाही कळत असणार. पण राज्यघटनेचे कलम 243-यू सांगते, की पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक झाली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, हे खरे. तरी चार वर्षांत किती सोसायट्यांनी साधे निवेदन दिले? नागरिकशास्त्राच्या शिक्षकाच्या डोळ्यांना ते खुपले, यात मला नवल वाटत नाही.

माझी सूचना एवढीच, की ते सांगत असतील तसे लिहून घ्या, तारखांसह. तुरुंगात गेलेल्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत. जे बाहेर राहून गप्प बसले, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी लिहिले आहे.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे आभार. उत्तरे मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. तिळगुळापाशी त्यांनी मला थांबवले आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. कऱ्हाडच्या मांडवात आपण मागच्या रांगेत होतो, हे त्यांनी आज पहिल्यांदाच सांगितले. लिहायला ते तयार आहेत; मात्र त्याआधी पहिल्या बाकावरच्या त्या मुलाला भेटायचे, असे म्हणतात. त्याचे आडनाव त्यांना आठवते आणि आता तो पासष्टीच्या आसपास असेल. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीसाठी मी उद्या फोन करणार आहे.