हेड्रियन्स वॉल: बाबांना घेऊन चालायला जायचंय, गाईडवाली टूर घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईबाबा जूनमध्ये माझ्याकडे लेस्टरला येतायत. मागच्या वेळी लंडन, स्टोनहेंज सगळं झालं, त्यामुळे या वेळी बाबांचं (वय ६७) फर्मान आहे की बसमधून इमारती दाखवू नकोस, कुठेतरी चालायला ने. यूट्यूबवर ती उत्तर इंग्लंडमधली रोमन भिंत बघितलीये तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये त्यांना.

पूर्ण वाट ८४ मैल, म्हणजे १३५ किमी, न्यूकॅसलजवळच्या वॉल्सएंडपासून पार पश्चिमेला बोनेस-ऑन-सॉल्वेपर्यंत. एवढी नाही जमणार हे बाबा सोडून सगळ्यांना मान्य आहे. ते दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालतात, दिवे घाटासकट, पण दुसऱ्या दिवशी घरी गुडघा शेकत बसलेले असतात आणि इथे दुसऱ्या दिवशी परत १५ मैल.

एका कंपनीचं सात दिवसांचं पॅकेज बघून मी पैसे भरणारच होते, तेवढ्यात बारीक अक्षरात ‘सेल्फ-गाईडेड’ दिसलं. म्हणजे गाईड नाहीच! नकाशा देणार, राहायचं बुकिंग करणार, बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणार, चाला तुमचं तुम्ही. खरा गाईड असलेली टूर बरीच महाग आहे. तर गाईड खरंच लागतो का, कुठला भाग करावा, आणि आईला चालायचं नाहीये तर तिने दिवसभर काय करायचं?

प्रतिसाद:
मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही चार दिवस केलं. वाट चुकायची भीती नाही, नॅशनल ट्रेल आहे, जागोजागी ओकच्या फळाचं चिन्ह असतं. गाईड लागतो तो समोर काय आहे ते कळायला. आम्ही हेडनपासून निघालो, तिथला भिंतीचा तुकडा मस्त आहे पण पुढे मैलोन् मैल भिंतच नाही, नुसता रस्ता आणि खंदक. मुलं वैतागली. दुसऱ्या दिवसापुरता लोकल गाईड घेतला तेव्हा कळलं की १७४५च्या जॅकोबाइट (स्कॉटलंडमधून उठलेल्या) बंडानंतर इंग्रजांनी भिंत पाडून तिच्यावरूनच लष्करी रस्ता नेला, म्हणजे आम्ही आदल्या दिवशी भिंतीच्या शेजारीच चालत होतो!

तुम्ही थेट चॉलरफर्डला सुरू करा. चॉलरफर्ड ते स्टील रिग १२ मैल आहेत, ते मधल्या हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यापाशी तोडून दोन दिवस करा, तिसऱ्या दिवशी बर्डऑस्वॉल्डच्या रोमन किल्ल्याकडे. हाउसस्टेड्सला सैनिकांचे सामुदायिक संडास आहेत, बाबा तिथे तासभर रमतील. तिथून स्टील रिग जेमतेम ३ मैल, पण सारखं उतरा-चढा, ओल्या दगडी पायऱ्यांवर गुडघे बोलायला लागतात. दोन काठ्या घ्याच. ते खिंडीतलं (सिकॅमोर गॅप) प्रसिद्ध झाड मात्र आता नाही, २०२३ मध्ये कापलं.

आईंना विंडोलांडाच्या रोमन किल्ल्यावर सोडा. तिथे लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, त्यात क्लॉडिया सेव्हेराने मैत्रिणीला वाढदिवसाला ये म्हणून धाडलेलं आमंत्रण आहे, तेही भिंत बांधायच्या आधीचं! ते पत्र आता ब्रिटिश म्युझियममध्ये असतं, पण विंडोलांडाचं म्युझियम आणि खोदकाम बघण्यात दिवस सहज जातो. जायला एडी १२२ नावाची बस आहे (भिंतीचं काम इसवी सन १२२ ला सुरू झालं म्हणून तो नंबर), फक्त ती सीझनपुरतीच असते, टाइमटेबल बघून घ्या.

प्रतिसाद:
वरच्याशी सहमत. एकच सांगतो, बाबांना आधीच बजावून ठेवा की भिंतीवर चढायचं नाही. आपल्याला गडाच्या तटावरून चालायची सवय, माझे सासरे तिसऱ्या मिनिटाला वर होते आणि एका आजीबाईंनी त्यांना खाली उतरवलं. हाउसस्टेड्सच्या पश्चिमेला झाडीतल्या एका छोट्या तुकड्यावरून तेवढं चालता येतं, तिथे हौस भागवून घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. तीन दिवस कबूल केलेत, मधल्या दिवशी गाईड, मुक्काम हेक्सहॅमला. आई पत्रांचं ऐकून आत्ताच खूश आहे. आता भांडण बुटांवर अडलंय, बाबा म्हणतात वारीच्या सँडल्समध्ये सगळं होतं. त्या पायऱ्यांवर घोट्यापर्यंतचे बूट लागतातच का? त्यांच्या वयाच्या कोणी सांगितलं तर बरं, माझं ते ऐकत नाहीत.