पोरगी शाळेच्या गेटवर सोडतच नाही, सीबीटीनं फरक पडतो का?

राजारामपुरीची_आई: पोरगी ७ वर्षांची, दिवाळीच्या सुट्टीपासनं रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणून रडते, गेटवर ओढणी सोडत नाही, रात्री मी शेजारी नसले तर झोपत नाही. सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीय. डॉक्टरांनी सीबीटी सांगितलंय, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी म्हणे, एवढ्याशा पोरांना बोलून काय कळतंय ओ?

रंकाळाकाठ: ताई नुसतं बोलणं नसतंय ते. आमच्या पोराला पायऱ्या पाडून दिलेल्या, आधी मी बाहेरच्या खोलीत ५ मिनिटं, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग आत्याकडं एक संध्याकाळ, भीती किती ते तो ० ते १० मध्ये सांगायचा. जड आम्हालाच गेलं, रडला की घरी आणायची सवय आमचीच, आणि त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण भीती पक्की होते.

कटवडा: अमेरिकेत चिंतेचा आजार असलेल्या ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांचा अभ्यास २००८ ला आलेला, नुसत्या सीबीटीनं साधारण ६० टक्के सुधारली, सोबत गोळी दिली तर ८१. पण आधी शाळेत कोण त्रास देतंय का बघा की! आणि आईबापाला सोडायची अशी भीती कमीत कमी ४ आठवडे टिकली तरच आजार म्हणतात.

राजारामपुरीची_आई: दीड महिना झाला. मी गुपचूप सटकायचे ओ गेटवरनं 😔

रंकाळाकाठ: ते पहिलं बंद करा. सांगून जायचं, सांगितलेल्या टायमाला यायचं.