ग्रामसभेची नोटीस मराठीतपण लावा की

आमच्या बेळगाव तालुक्यातल्या ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांनी इथं गटार, नळपाणी, घरपट्टीची माहिती दिली ते चांगलंच झालं, पण "ग्रामसभेला माणसंच येत नाहीत" हे वरच्या प्रतिक्रियेत एका दादांनी उचलून धरलंय ते मला पटत नाही, माणसं येत नाहीत कारण नोटीस फक्त कन्नडमध्ये लागते आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना ती वाचताच येत नाही. गेल्या खेपेला मी पुतणीकडनं नोटीस वाचून घेतली, वहीच्या पानावर मराठीत लिहिली आणि दूध डेअरीच्या दारात चिकटवली, सकाळी किटली घेऊन रांगेत उभं राहणारी सगळी तिथंच वाचतात. त्या सभेला बायकाच पंचवीस-तीस आल्या! एका काकूंनी तर उभं राहून पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना विचारलं, ई-स्वत्तूचा, म्हणजे घरजागेच्या ऑनलाइन नोंदीचा, नमुना ९ आणि ११ मिळायला एवढे हेलपाटे का.

आणि हे काय उपकार मागणं नाही हो. तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असले तर महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतपण द्यायच्या हे भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी केंद्राची जी संरक्षण योजना आहे तिच्यातच आहे, बेळगाव तालुक्यात मराठी माणूस त्याहून कितीतरी जास्त आहे. कन्नड राहू दे, खाली मराठी चार ओळी लिहा. पुढच्या सभेआधी अध्यक्षांना लेखी अर्ज देतोय, सही करायला कोण कोण येणार सांगा.