पावसाळी जंगल शिबिरात तुमचं काय झालं होतं?

लेक एम.एस्सी.चं जंगल शिबिर करून परवा घरी आली. मोजे ओले, डोळे सुजलेले. "काही नाही गं आई, सगळेच रडले." सगळेच? आमच्या वेळी हर्बेरियमचे (झाडांचे नमुने वाळवायचे) कागद कोरडे राहिले की शिबिर यशस्वी! म्हणून विचारतेय. आंबोली, तिलारी, कर्नाटकातलं आगुंबे, तमिळनाडूतलं वालपराई, सदाहरित जंगलात कुठेही विद्यार्थी म्हणून राहिला असाल तर लिहा. जळवांचे किस्से चालतील, पण तेवढ्यावर सुटका नाही.

*चिखलपाय*
आंबोली. जूनचा पहिला जोरदार पाऊस. आंबोली टोड हा जेमतेम बोटभर भेक (बेडकाचाच भाऊ), पिवळसर पट्ट्यांचा. वेगळी जात म्हणून त्याची नोंद झाली २००९ साली, आणि आंबोलीचा परिसर सोडला तर जगात जवळपास कुठेच नाही. सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या पठारावरच्या कातळात वीतभर डबकं साचलं की त्यात अंडी घालतो, ऊन पडून ते आटलं की खेळ खलास. आम्ही रात्री टॉर्च घेऊन रस्त्यावर मेलेले भेक मोजत होतो. धबधब्याला आलेल्या गाड्या सुसाट. एका जागी जोडी होती, मादीच्या पाठीवर नर, दोघंही चपटे, आणि मादीच्या पोटातली अंडी डांबरावर पावसाने पसरत चाललेली. आमच्यात सोलापूरची एक मुलगी होती. तोंडातून शब्द काढायची नाही. ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मग आम्हीही. नोंदवहीतलं ते पान अजून वाचता येत नाही, पेन्सिलीने लिहायला सांगितलं होतं तरी कुणीतरी जेलपेन वापरलं होतं.

*कातळसडा*
आम्ही बांबर्ड्याला गेलो होतो, दोडामार्ग तालुक्यात. रानजायफळाची दलदल. चिखलातून गुडघे मुडपल्यासारखी मुळं वर आलेली, भर दुपारी काळोख. गावाने देवराई म्हणून राखली, म्हणून राहिली. तिथून निघालो, जीप वळली, तर अख्खा डोंगर बोडका. रबराची रोपं रांगेत. या पट्ट्यात उच्च न्यायालयाची वृक्षतोडबंदी २०१३ पासून आहे बरं का. संध्याकाळी गोल बसून मनातलं बोला, शिबिरवाले म्हणाले. आम्ही रबरासाठी जमीन विकणाऱ्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. जेवण वाढायला आलेले आजोबा कोपऱ्यात ऐकत होते. डाळीची बादली खाली ठेवून म्हणाले, "मगे आमी खावचा काय?" नंतर कोणाच्या घशाखाली घास उतरेना. माझा एम.एस्सी.चा विषय बदलला तो त्या बादलीमुळे. झाडांऐवजी जमिनीच्या सातबाऱ्यांवर काम केलं.

*ओली_काडेपेटी*
जळवांवर उपाय एकच, मोज्यांना तंबाखूचं पाणी. बाकी सगळं थोतांड. (रडलो नाही. दाढेचं दुखणं होतं, ते मोजायचं का?)

*सातभाई*
जरा उलटं लिहिते. आमच्या शिबिरात फोन काढून घेतले आणि रात्री एकेकाला रानात नेऊन बसवलं, निसर्गाशी एकरूप व्हा म्हणून. माझ्या मैत्रिणीला श्वास घेता येईना. शिट्टी दिली होती, पण पावसाच्या आवाजात शिट्टी ऐकणार कोण? सकाळी सर म्हणाले, "बघा, भिंत पडली!" भिंत कसली डोंबलाची, भेदरली होती पोर. भेक मेला म्हणून रडू येणं वेगळं आणि पोरांना रडवायचा कार्यक्रम ठेवणं वेगळं. आयोजकांचं नाव घेत नाही. पालकांनी मात्र जायच्या आधी विचारावं, रात्री सोबत कोण असतं आणि जवळचा दवाखाना किती लांब.

*शेवाळ*
सातभाईंशी सहमत, पण सगळी शिबिरं तशी नसतात. वालपराईला चहाच्या मळ्यांमध्ये जंगलाचे तुकडे अडकलेत. सिंहपुच्छ माकडं खरं तर झाडावरून सहसा खाली न उतरणारी, तिथे रस्ता ओलांडताना दिसतात. आम्ही तिथे रोपं लावली. कोणी काही बोलायला लावलं नाही. शेवटच्या दिवशी रोपवाटिकेतल्या मावशींनी विचारलं, झाड मोठं झाल्यावर बघायला याल ना? तेवढं पुरलं.

*मास्तर_निवृत्त*
बरीच वर्षं पोरं नेली. भावना वगैरे ठीक आहे, पण चार रात्री झोप नाही, अंगावर ओले कपडे, घरी फोन लागत नाही, अशात कोणीही रडेल. एक खोली कोरडी ठेवा, चुलीच्या वर दोरी बांधा, एक दुपार पूर्ण मोकळी सोडा. कुळथाची पिठी गरमागरम. निम्मं रडणं तिथेच थांबतं, उरलेलं खरं असतं, त्याला हात लावू नका. आणि चिखलपाय, रस्त्यावर भेक मोजायला जाल तर चमकणारी जॅकेटं घाला, वळणावर लाल टॉर्च घेऊन एक जण उभा करा. आंबोलीच्या धुक्यात ड्रायव्हरला भेक सोडा, माणूसही दिसत नाही.