मदत हवी आहे: पेन सेंट्रल या अमेरिकन रेल्वे कंपनीचा हिरवा ४० फुटी डबा (मॉडेल) १९६९ च्या लेआउटसाठी चालेल का?

सायडिंग८७:
मॉडेल रेल्वेचा लेआउट एचओ प्रमाणात (१:८७.१), दाखवलेलं वर्ष १९६९. पेन सेंट्रलच्या हिरव्या रंगातली ४० फुटी बॉक्सकार (बंदिस्त मालडबा) आहे. रूफवॉक (छतावरची चालायची फळी) आहे, ब्रेकव्हील (हातब्रेकचं चाक) वरच. बीएलटी (बांधणीची तारीख) ५-५६. एलटी डब्ल्यूटीच्या (रिकाम्या डब्याच्या वजनाच्या) आकड्यापुढे ‘न्यू ५-५६’. बाजूवर एसीआयची (डबे आपोआप ओळखण्याच्या पद्धतीची) रंगीत पट्टी, खाली काळ्या चौकोनात पिवळा ठिपका आणि चौकटीतलं ल्यूब स्टेन्सिल (वंगणाची छापील नोंद). हिरव्याची छटा फोटोशी जुळते. बाकी काय तपासू? आणि चुकीचं निघेल ते काढता येईल का?

जुना_यार्डमास्टर:
छटा सगळ्यात शेवटी बघा. फोटोतला हिरवा ऊन, फिल्म आणि धूळ यांनी बदलतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तारखा मात्र लपत नाहीत.

रूफवॉक बरोबर आहे. १९६६ पासून नव्या बॉक्सकारवर तो बंद झाला, पण जुन्यांवरचे हळूहळू निघाले. एसीआय १९६७ ला सुरू झालं, १९७७ ला गुंडाळलं, म्हणजे पट्टी राहू द्या. पिवळा ठिपका चाकांच्या तपासणीचा, १९७८ चा. चौकटीतलं ल्यूब स्टेन्सिलही १९७० च्या दशकातलं. ही दोन्ही जायला हवीत.

बीएलटी ५-५६ ठीक, डबा कधी बांधला ते बदलत नाही. खटकतं ते ‘न्यू’. पेन सेंट्रल जन्माला आली १ फेब्रुवारी १९६८ ला. डबा नव्याने रंगवला की साधारणपणे पुन्हा वजन होतं आणि ‘न्यू’च्या जागी वजन करणाऱ्या शॉपचं (कारखान्याचं) चिन्ह व नवी तारीख येते. तिथे १९६८-६९ ची तारीख हवी.

आता मुख्य काम. डब्याचा नंबर १९६९ च्या ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टरमध्ये (सगळ्या डब्यांचे नंबर आणि मापं देणारी यादी) शोधा. त्या सिरीजची आतली लांबी आणि दाराची रुंदी लिहून घ्या. मग मॉडेलच्या दाराच्या मोकळ्या जागेला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावा: ६ फुटी दार २१ मिमी, ८ फुटी २८ मिमी. दाराचा पत्रा मोजू नका, तो मोकळ्या जागेपेक्षा थोडा रुंद असतो.

डेकलवाला:
काढायचं असेल तर आधी तळाला, न दिसणाऱ्या जागी, ९१% आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बघा. खालचा हिरवा बोळ्यावर उतरला तर थांबा. उतरत नसेल तर ठिपक्यावर कापसाची काडी एक मिनिट ठेवा आणि एकाच दिशेने हलकेच पुसा. खरवडलंत तर चमकदार चट्टा राहतो. नवी तारीख चिकटवण्याआधी तिथे ग्लॉस वार्निशचा हात द्या. मॅट पृष्ठभागावर डेकलखाली (चिकटवायच्या छापील अक्षरांखाली) हवा अडकते, चंदेरी डाग दिसतो. शेवटी मॅट.

सायडिंग८७:
ठिपका गेला, रंग शाबूत. पण दार २८ मिमी भरतं आणि रजिस्टरमध्ये ही सिरीज ६ फुटी दाराची आहे!

जुना_यार्डमास्टर:
मग ती फूबी, म्हणजे खोटी जोडी. साचा दुसऱ्याच डब्याचा, रंग भलत्याचा. डेकलने दार अरुंद होत नाही, तेव्हा नंबरच बदला. ४० फुटी, ८ फुटी दाराची पेन सेंट्रलची सिरीज रजिस्टरमध्ये गाठा, त्या सिरीजच्या फोटोत छत आणि टोकांचे पत्रे ताडून बघा. शेवटचे दोन अंक फिरवून भागणार नाही, सिरीजच बदलायला हवी. आणि नंबर चार जागी असतो: दोन बाजू, दोन टोकं. टोकांवरचा हमखास विसरतो.

सायडिंग८७:
टोकांवर जुनाच होता. तोही काढतो.