कोनी आयलंडचे जुने लूप का टिकले नाहीत?

भिंगरी: न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सी लायन पार्कात १८९५ च्या सुमारास ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा रोलर कोस्टर होता, पूर्ण गोल लूपचा, म्हणजे गाडी उभ्या वर्तुळातून उलटी फिरून यायची. त्यात लोकांच्या माना लचकायच्या म्हणे. मग वेग कमी का नाही केला? आणि आजचे लूप थेंबासारखे उभट का असतात?

गोफण: वेग कमी करता येत नाही, तिथेच तर गोम आहे. लूपचा व्यास साधारण २५ फूट, म्हणजे त्रिज्या ३.८ मीटर. माथ्यावर गाडी रुळाला चिकटून राहायची तर तळाशी ताशी किमान ४९ किमी वेग लागतो. घर्षण धरलं तर आणखी थोडा. एवढ्या वेगाने गोलात शिरलं की तळाशी वजन सहापट भासतं. पाच किलोचं डोकं तीस किलोचं होतं, आणि तेही हळूहळू नाही. सपाट रूळ संपून गोल सुरू झाला की एका गाडीच्या लांबीत सगळा भार मानेवर. वर्तुळ मोठं करूनही सुटका नाही, कारण हिशेबातून त्रिज्या उडून जाते आणि सहापट ते सहापटच राहतं.

पाचर: म्हणूनच १९०१ साली एडविन प्रेस्कॉटने तिथेच ‘लूप द लूप’ बांधताना लंबगोल आकार घेतला. त्रास बराच कमी झाला, पण धंदा बसला. गाडीत माणसं चारच, त्यामुळे दिवसभरात तिकिटं खपणार किती? बसणाऱ्यांपेक्षा बघ्यांचीच गर्दी.

भिंगरी: मग लंबगोल आणि थेंब यांत फरक काय?

गोफण: थेंबाच्या दोन्ही बाजूंना क्लोथॉइड वक्र असतो. जितकं अंतर कापाल तितका बाक वाढत जातो, रेल्वेच्या वळणाआधी रूळ हळूहळू वाकवतात तसा. तळाशी वेग जास्त, तिथे त्रिज्या मोठी. वर वेग मंदावतो, तिथे त्रिज्या लहान, म्हणून माथ्यावरही माणूस खुर्चीला दाबलेला राहतो. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात ‘रेव्होल्यूशन’ आला तो असा, आधुनिक काळातला पहिला उभा लूप. बांधणारा अँटोन श्वार्झकोफ, आकडेमोड वेर्नर स्टेंगेलची.

पाचर: एक पुरवणी. पोलादी नळीच्या रुळावर माणसं पहिल्यांदा उलटी झाली ती त्याच्या आदल्याच वर्षी, कॅलिफोर्नियातल्याच नॉट्स बेरी फार्म पार्कच्या ‘कॉर्कस्क्रू’वर. पण ती स्क्रूसारखी पिळाची वळणं, उभा लूप नव्हे. दोन्ही ‘पहिले’ एकत्र करून सांगतात तिथेच घोळ होतो. आणि सी लायन पार्क आता शोधू नका. १९०२ च्या हंगामानंतर ते बंद पडलं, पुढच्याच वर्षी त्या जागेवर लूना पार्क उभं राहिलं. त्याच नावाचं हल्लीचं पार्क वेगळं.