चार वाजल्यानंतरची ओढ : मन, गोड-पिठाळ खाणं आणि वजन (अनुभव लिहा)

पुण्यात आहारसल्ला देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबतं. सकाळचे पोहे, दुपारची पोळी-भाजी, सगळं मापात. मग चार-साडेचार होतात आणि बिस्किटाचा पुडा फुटतो, नाहीतर खारी, टोस्ट, सकाळचा उरलेला भात. पोट रिकामं नसतं. ‘कसंतरीच होत होतं, खाल्ल्यावर बरं वाटलं,’ असं सांगतात आणि पाठोपाठ मान खाली घालून म्हणतात, ‘माझा जिभेवर ताबाच नाही हो.’

हे दुसरं वाक्य मला दरवेळी लागतं, कारण ते खरं नाही. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या रिचर्ड आणि ज्युडिथ वुर्टमन या दांपत्याने या ओढीचा बराच अभ्यास केला. त्यांची मांडणी अशी : पिठाळ किंवा गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं, ते ट्रिप्टोफॅन सोडून रक्तातली बाकीची अमायनो आम्लं (प्रथिनांचे घटक) स्नायूंकडे वळवतं. मग ट्रिप्टोफॅन या अमायनो आम्लाला मेंदूत शिरायला वाट मोकळी होते आणि त्यापासून सेरोटोनिन हे मूड सांभाळणारं रसायन बनतं. म्हणजे उदास माणूस नकळत स्वतःच स्वतःला औषध देत असतो. पण सोबत थोडी जरी प्रथिनं पोटात गेली तरी हा परिणाम ओसरतो, आणि आपण सहसा नुसती साखर खात नाही. २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा कर्बोदकांनी, म्हणजे गोड-पिठाळ खाण्याने, मूड सुधारल्याचं दिसलं नाही. उलट तासाभरात थकवा वाढलेला आणि तरतरी कमी झालेली दिसली. ओढ खरी आहे, आराम मात्र टिकत नाही, आणि मागे उरतं ते फक्त वाढलेलं वजन.

म्हणून वजनाचे आकडे आणि डाएटची नावं नकोत. ओढ लागते त्याआधी तुमच्या दिवसात काय घडलेलं असतं, ते लिहा.

हिंजवडी, वय ३४

अमेरिकेचे कॉल संपेपर्यंत रात्रीचे दोन वाजतात आणि सकाळी सातला मुलीची व्हॅन. अशा दिवशी अकरापासूनच मला फक्त पाव दिसतो. कॅन्टीनच्या थाळीत डाळ, उसळ, सगळं असतं, पण हात जातो पॅटिसकडे. परतताना वाकडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतच क्रीमरोल. शनिवारी झोप पूर्ण झाली की त्याच बेकरीवरून जातो आणि आत डोकवावंसंही वाटत नाही. मी काटकुळाच, त्यामुळे वजन वाढलंय असं कुणी म्हणत नाही. पोट तेवढं पुढे आलंय आणि साखर काठावर आहे.

धागाकर्ती

शनिवारचं निरीक्षण फार मोलाचं आहे. २००४ साली शिकागोत निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, आणि ओढ सगळ्यात वाढली ती गोड, खारट, पिठाळ पदार्थांची. काटकुळे आहात म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे बारीक माणसातही चरबी अशी लपून असते.

धनकवडी

पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस. शिरा, साबुदाण्याची खिचडी, वाटीभर नुसती साखर-पोळी. पाळी आली की सगळं थांबतं. कॅलेंडरवर खूण करायला लागल्यापासून स्वतःचा राग येणं कमी झालं, आणि माझ्यासाठी ते खाण्यापेक्षा मोठं होतं.

नारायण पेठ, स्पर्धा परीक्षा

ताई, आमच्याकडे ओढ आणि परवडणं यात फरक करणं अवघड आहे. मेसमध्ये पातळ वरण, बटाटा, भात, पोळी. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे वडापाव नाहीतर मॅगी. निकाल लांबला की अभ्यासिकेतून सगळे एकदम चहाला उतरतात आणि क्रीमची बिस्किटं फिरतात. तिथे नको म्हटलं तर माणूस एकटा पडतो. मी आता खिशात फुटाणे-शेंगदाणे ठेवतो, चहाला सगळ्यांबरोबर उतरतो. सोबत मला सोडायची नाहीये.

सहकारनगर, वय ७१

ही गेल्यावर स्वयंपाकघरात पाय ठेववेना. दुपारचा डबा येतो, प्रश्न रात्रीचा. दिवेलागणीला घर खायला उठतं. तेव्हा मी गॅसवर चहा ठेवायचो आणि खारीचा पुडा घेऊन बसायचो. खारी बुडवायची, बशीत पडलेले पापुद्रे बोटाने टिपायचे, पुढची घ्यायची. तेवढा वेळ बरा जायचा. बेंगळुरूहून लेक विचारायची, ‘बाबा, जेवलात?’ मी हो म्हणायचो. कपडे घट्ट झाले, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, वाढलं. आमच्या डॉक्टरांनी आहाराचा कागद देण्याआधी विचारलं, झोप कशी आहे, रडू येतं का. आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आता औषध सुरू आहे. वरच्या मजल्यावरचे जोशीबुवाही एकटेच, त्यांच्याकडे रात्री आम्ही दोघं मुगाची खिचडी टाकतो. खारी घरात असते, पण पुडा आठवडाभर पुरतो.

धागाकर्ती

काका, तुमच्या डॉक्टरांनी विचारलेला तो प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. नैराश्यात भूक मरते असाच समज आहे, पण काहींची भूक आणि झोप दोन्ही वाढतात. घरच्यांना वाटतं, खातोय-पितोय म्हणजे चांगलंच चाललंय. असा माणूस मदतीपर्यंत फार उशिरा पोहोचतो.

कर्वेनगर, शिक्षिका

माझं थोडं उलट झालं. उदासीवर गोळी सुरू झाली, मन सावरलं आणि भूक खवळली. रात्री दहाला उठून दूध-पाव. सासूबाई म्हणाल्या, बंद कर ती गोळी. मी बंद केली नाही, डॉक्टरांना सांगितलं. काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ मिर्टाझापीनने, भूक वाढते हे त्यांनी नीट समजावलं आणि हळूहळू दुसरी सुरू केली. वजन अजून सगळं उतरलेलं नाही. पण मला झोप लागते, वर्गात उभं राहवतं, आणि मला आधी तेच हवं होतं.

धागाकर्ती

गोळी परस्पर थांबवली नाहीत, हे वाचून खूप बरं वाटलं. थायरॉइड आणि पीसीओएस (पाळी बिघडवणारा संप्रेरकांचा विकार) असलेल्यांचे अनुभव अजून आलेले नाहीत. त्यांनीही लिहा, त्यांची ओढ पुष्कळदा वेगळ्या वेळेला लागते.